ऑक्टोबरची भोके रद्द करू नका : गोल्फ क्लबच्या व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कॅप्टन आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय : ग्रीन आणि बंकरच्या निगेबाबतचे परिपत्रक मागे घेण्याबाबत

स. न. वि. वि.

ऐन पावसाळ्यात आपण जे परिपत्रक काढले त्यात चार निर्णय आहेत. ऑक्टोबरमधले एरेशन, म्हणजे ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) भोके पाडून त्यांत वाळू भरण्याचे काम, यंदा होणार नाही, कारण त्याच महिन्याच्या अखेरीस खुली स्पर्धा आहे. ग्रीनची कापणी बारा महिने ३.२ मिलिमीटरवरच राहील, कारण ग्रीन संथ झाल्याच्या तक्रारी आहेत. बंकरसाठी, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांसाठी, सर्वांत कमी दराच्या निविदेतली क्रश सँड (दगड फोडून केलेली बांधकामाची वाळू) घेतली जाईल. आणि पावसाळ्यापुरते घेतलेले हंगामी माळी निम्मे कमी होतील.

हे पत्र बंद पाकिटातही देता आले असते. पण असे निर्णय पावसाळी प्रदेशातल्या कुठल्याही कोर्सवर होऊ शकतात. शिवाय ग्रीन फी भरून येणाऱ्या पाहुण्यापासून खेळाडूची बॅग वाहणाऱ्या कॅडीपर्यंत ज्यांना त्याचा फटका बसतो, त्यांना त्यामागचा हिशेब कळला पाहिजे.

सही करणारे आम्ही या कोर्सवरचे ग्रीनकीपर, माळी, मशीन चालवणारे आणि आमचे म्हणणे पटलेले काही सभासद आहोत. आमची रोजी या गवतावर आहे. ग्रीन गेली की स्पर्धा दुसऱ्या कोर्सवर जातात. कोर्स बंद राहिला की कॅडीला फेरी मिळत नाही, आणि फेरी नाही तर पैसेही नाहीत. वार्षिक सभेत ‘ग्रीन अशी का झाली?’ हा प्रश्न येतो तेव्हा उत्तर मुकादमाकडे मागितले जाते, परिपत्रक काढणाऱ्याकडे नाही. म्हणून आधीच लिहून ठेवतो.

भोकांचा प्रश्न

बहुतेक खेळाडूंच्या लेखी एरेशन म्हणजे पंधरा-वीस दिवस वाकडे जाणारे पट (ग्रीनवर होलकडे मारलेले हलके फटके). ते कशासाठी करायचे, हे कुणी धड सांगितलेले नाही.

आपली ग्रीन यूएसजीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या, पद्धतीने बांधलेली आहेत. ही पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात अलीकडची सुधारणा २०१८ ची आहे. तळाशी १०० मिलिमीटर व्यासाचे छिद्रांचे पाइप, दोन ओळींत फार तर साडेचार मीटर अंतर. त्यावर १०० मिलिमीटर खडी. त्यावर ३०० मिलिमीटर निवडक वाळू. त्या वाळूतले किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटर या मापाचे, गाळ ५ टक्क्यांच्या आणि चिकणमाती ३ टक्क्यांच्या आत. अशा नव्या ग्रीनमधून तासाला किमान १५० मिलिमीटर पाणी खाली उतरले पाहिजे. पुण्याच्या पश्चिमेचा पाऊस कितीही झोडपू दे, एवढा निचरा असेल तर पाणी वर थांबणार नाही.

मग यंदा तीन ग्रीनवर पाणी का उभे राहते? पाइप तुंबलेले नाहीत, पाण्याची वाट अडली आहे ती वरच्या दोन सेंटिमीटरांत. आपले टिफड्वार्फ हे हरळीच्या संकरातून आलेले गवत आहे, १९६५ मध्ये ते बाहेर आले. ते बी धरत नाही, धावत्या फांद्यांनी पसरते, आणि पसरताना खाली मेलेल्या मुळ्या-काड्यांचा थर साठवत जाते. या थराला थॅच म्हणतात. तो भिजला की स्पंजासारखा पाणी धरून बसतो. वरच्या थरात सेंद्रिय भाग साधारण ४ टक्क्यांच्या पुढे गेला की पाणी खाली उतरायला कुरकुर करते आणि मुळांना हवा मिळत नाही. हवा संपली की गंधक खाणारे जिवाणू कामाला लागतात आणि काळा थर धरतो. नवव्या ग्रीनच्या खालच्या बाजूला कप कटरने (होल पाडायच्या अवजाराने) काढलेल्या नमुन्यात तो पाच ते आठ सेंटिमीटर खोलीवर स्पष्ट दिसतो, आणि नमुना नाकाशी नेला की सडक्या अंड्याचा वास येतो. या थराच्या खाली पांढरे मूळ एकही नाही. अशा ग्रीनला ऑक्टोबर हीटची दोन दुपारची उन्हेदेखील सोसत नाहीत.

यावर एकच खरा उपाय आहे : तो माल बाहेर काढायचा आणि त्या जागी वाळू भरायची. त्यासाठी पोकळ टाइन (भोके पाडणारी नळीसारखी सुई) साडेबारा मिलिमीटरची, भोकांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर, खोली आठ सेंटिमीटर. चौरस मीटरला ४०० भोके पडतात आणि पृष्ठभागाचा जेमतेम ५ टक्के भाग बदलला जातो. वर्षाला १५ ते २० टक्के बदलावा अशी या व्यवसायातली सर्वसाधारण शिफारस आहे. आपण मे आणि ऑक्टोबर मिळून १० टक्केच करतो, म्हणजे आधीच मागे आहोत. ऑक्टोबर काढून टाकला की ५ टक्के उरतात.

‘सॉलिड टाइन मारा, खेळ बिघडत नाही’ असेही सुचवले गेले. सॉलिड टाइनने भोक पडते, पण आतला माल आतच राहतो, फक्त बाजूला दाबला जातो. पावसात दोन दिवसांची उघडीप मिळाली की ६ मिलिमीटरच्या भरीव सुया मारणे फार उपयोगी असते, ते आम्ही करतोच. त्याने ग्रीनला श्वास मिळतो, थॅच मात्र कमी होत नाही.

वाळूचा हिशेब सांगतो, कारण खर्चाचा मुद्दा त्यातूनच निघाला आहे. वरील मापाच्या भोकांत चौरस मीटरला सुमारे ४ लिटर वाळू जाते, वर पसरायला १ लिटर. ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला अडीच घनमीटर. १८ ग्रीन आणि सरावाचे एक मिळून साडेसत्तेचाळीस घनमीटर, म्हणजे जवळपास १७ ब्रास. एवढ्या मोठ्या कोर्सच्या सगळ्यांत महागड्या नऊ-साडेनऊ हजार चौरस मीटर जागेसाठी वर्षातून दोनदा १७ ब्रास वाळू ही उधळपट्टी नाही.

आता तारखेचे. हे काम हव्या त्या महिन्यात ढकलता येत नाही. हस्ताचा पाऊस १० ऑक्टोबरच्या आसपास संपतो. त्याआधी भोके पाडली तर एका वळवासारख्या सरीने वाळू भोकात बसण्याआधी वाहून जाते आणि काढलेल्या कोरचा (भोकांतून निघालेल्या मातीच्या नळकांड्यांचा) चिखल होतो. दुसऱ्या बाजूला नोव्हेंबरच्या मध्यानंतर रात्रीचे तापमान १५ अंशांखाली घसरू लागते. हरळी तिथून पुढे मंदावते, टिफड्वार्फवर तर जांभळट झाक येते, आणि उघडी राहिलेली भोके फेब्रुवारीपर्यंत तशीच दिसतात. म्हणून १० ते २५ ऑक्टोबर एवढीच खिडकी. १२ तारखेला भोके पाडली तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रीन भरून आलेली असतात. स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. खेळाडूंना वर्षातली सर्वांत चांगली ग्रीन मिळतील, हवाही त्यांना जास्त आवडेल.

कामाची पद्धतही लिहून ठेवावी, म्हणजे पुढे कंत्राटदार बदलला तरी गोंधळ नको. आदल्या दिवशी हलके पाणी. सकाळी भोके, कोर लगेच फळीने ओढून गोळा करायचे, वाळत ठेवायचे नाहीत. ग्रीनचा पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच वाळू, तीही कोरडी. ओली वाळू भोकाच्या तोंडाशीच अडकते आणि खाली पोकळी राहते. मग दोन दिशांनी ब्रश, एक हलका रोलर, पाणी. तिसऱ्या दिवशी चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र, म्हणजे अमोनियम सल्फेट एका ग्रीनला ६ किलो, आणि ते लगेच पाण्याने पानांवरून धुवायचे. पहिली कापणी ५ मिलिमीटरवर आणि जुन्या पात्याने, कारण वर राहिलेली वाळू नव्या बेड नाइफची (कापणी यंत्राच्या खालच्या स्थिर पात्याची) धार पहिल्याच सकाळी घालवते.

३.२ मिलिमीटरचा हट्ट

ग्रीनचा वेग मोजायला जे स्टिम्पमीटर वापरतात ते यूएसजीएने १९७८ मध्ये कोर्सवाल्यांच्या हाती दिले, ते एका कोर्सवरची सगळी ग्रीन सारखी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी. शेजारच्या क्लबचा आकडा गाठण्यासाठी नव्हे. हा मुद्दा इथेच सोडतो, नाहीतर त्यावरच अख्खे पत्र होईल.

हरळीला रोज सात-आठ तास स्वच्छ ऊन लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सलग आठ-दहा दिवस सूर्य धड दिसत नाही. ऊन नाही म्हणजे पानाला अन्न बनवता येत नाही. अशा वेळी पान आणखी आखूड केले की गवत मुळांतला साठा खाऊन जगते. दोन आठवड्यांत ग्रीन विरळ होते आणि उघड्या जागी हिरवे-काळे शेवाळ धरते. शेवाळ वाळले की त्याची पापडी होते, ती पुन्हा पाणी अडवते. आज चौथ्या ग्रीनच्या झाडाकडच्या कडेला हेच झाले आहे.

परिपत्रक लिहिणाऱ्यांच्या लक्षात न आलेली आणखी एक बाब आहे. मोअरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची, उंची आपण वर्कशॉपमध्ये सपाट पट्टीवर लावतो. भिजून मऊ झालेल्या ग्रीनवर मोअरचा रोलर रुततो, आणि पट्टीवर ३.२ दिसणारे पाते प्रत्यक्षात त्याहून खाली जाते. मग उंचवट्यांवर गवत सोलून निघते. हे ओरखडे ‘मशीनचा दोष’ म्हणून वर्कशॉपच्या माथी मारले जातात. टिफड्वार्फला हिवाळ्यातही चारच्या आसपास ठेवलेले बरे; ३.२ हे टिफईगलसारख्या बारीक पात्याच्या जातींचे माप आहे. तो वेग हवा असेल तर गवत बदलण्याचा खर्च मांडा, त्यावर चर्चा करता येईल.

पावसाळ्यात कापणी ५ मिलिमीटरवर हवी. रोज नको, गवत ओले असले तरी ग्रीन दाबून पाणी वर येत नाही अशाच सकाळी. ट्रिप्लेक्स नको, हाताने चालवायचे मोअर हवे, कारण तीन पात्यांचे वजनदार मशीन रोज त्याच कडेने वळते आणि तिथे गोल पट्टा मरतो. पान एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही. पावसामुळे तीन दिवस कापणी चुकली असेल तर आधी ६, मग दोन दिवसांनी ५. धार रोज कागदाने तपासायची. रीलच्या (मोअरच्या फिरत्या पात्यांच्या) पूर्ण लांबीत कागद सुरीने कापल्यासारखा निघाला पाहिजे, फाटला तर मोअर ग्रीनवर न्यायचा नाही. फाटलेल्या टोकांतून पानावरचे ठिपके आणि पिथियम हा गवत कुजवणारा रोग आत शिरतात.

नत्र पावसात कमी, पालाश जास्त. महिन्यातून दोनदा पोटॅशियम सल्फेट आणि रंगासाठी थोडे फेरस सल्फेट पुरते. ‘ग्रीन पिवळी दिसतात, युरिया टाका’ हा फोन कार्यालयातून यायला नको. ढगाळ हवेत युरियाने आलेली लुसलुशीत वाढ म्हणजे पिथियमला आमंत्रण. रात्रीत तेलकट डाग दिसतात आणि मोअरच्या चाकांबरोबर सगळ्या ग्रीनभर पसरतात.

बंकर

सर्वांत जास्त पैसा इथे वाया चालला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बांधकामाच्या क्रश सँडमध्ये दोन दोष आहेत. पहिला, दगडाची धूळ. काँक्रीटसाठी ती १५ टक्क्यांपर्यंत चालते. बंकरच्या वाळूत गाळ आणि माती मिळून ३ टक्क्यांच्या आत हवी. धूळ पावसाने खाली सरकते, तळाशी थर धरते, आणि पाइपपर्यंत पाणी पोचतच नाही. वर मात्र उन्हात कडक कवच. दुसरा दोष म्हणजे तिच्यात पावणेपाच मिलिमीटरपर्यंतचे खडे असतात. ग्रीनशेजारच्या बंकरमधून मारलेल्या प्रत्येक फटक्यासरशी मूठभर वाळू ग्रीनवर येते. तीन-चार मिलिमीटरची एक बेसाल्टची कच रील आणि बेड नाइफच्या मध्ये आली की पात्याला खाच पडते आणि ग्रीनवर सरळ रेषा उमटू लागते. वाळूत वाचवलेले पैसे ग्राइंडिंगमध्ये जातात.

निविदेसोबत आलेल्या नमुन्याची साधी परीक्षा कुणालाही घेता येईल. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी, मिनिटभर जोरात हलवून खिडकीत ठेवायची. चांगली वाळू मिनिटभरात बसते आणि पाणी बऱ्यापैकी निवळते. या नमुन्याचे पाणी दुसऱ्या दिवशीही राखाडी होते आणि वाळूवर बोटभर चिखलाचा थर बसला. बाटली वर्कशॉपच्या खिडकीत आहे, जाता-येता पाहावी. खरी चाचणी चाळणीची. कोणतीही स्थापत्य प्रयोगशाळा ती करून देते, आणि आपण मागवत असलेल्या मालाच्या तुलनेत तिचा खर्च नगण्य आहे.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही आणि पावसाळ्यात उपसा बंद असतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, धुतलेली आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली एम-सँड (कारखान्यात तयार केलेली वाळू) घ्या. तिचे कोनदार कण उतारावर चांगले टिकतात, चेंडूही अर्धा गाडला जात नाही. काळपट दिसते ही तक्रार येईल, ती सोसू. खरेदी मात्र मे अखेरीस व्हायला हवी, साठा फरशीवर आणि ताडपत्रीखाली. उघड्यावर मातीत टाकलेली ढिगाऱ्यातली खालची वीतभर वाळू आपण दरवर्षी मुरमासकट बंकरमध्ये नेतो.

पण वाळू कितीही चांगली आणली तरी बाहेरचे पाणी बंकरमध्ये येत राहिले तर सगळे व्यर्थ. आपल्या बहुतेक बंकरच्या पाठीमागे चढ आहे. एक जोरदार सर आली की चढावरचे पाणी कड ओलांडून उतरते, उतारावरची वाळू तळाला नेते आणि उघड्या पडलेल्या मुरमाचा लाल गाळ तिच्यात मिसळते. माळी दुसऱ्या दिवशी ती वाळू पुन्हा वर ओढतात, गाळासकट. असे दहा-बारा वेळा झाले की हंगामाअखेर बंकरमध्ये वाळू नसते, लालसर चिखल असतो. यावर उपाय स्वस्त आहे : प्रत्येक बंकरच्या वरच्या अंगाला कडेपासून दीड-दोन मीटरवर उथळ गवती चर, पाणी बाजूला काढून देणारी. फावडे आणि चार माणसांचे काम, मृगाच्या आधी करायचे. ते गेल्या अंदाजपत्रकात कुठे होते ते आठवत नाही, नव्हतेच बहुधा.

वाळूची जाडी तळाला १० सेंटिमीटर, उतारावर ५. उतार इतका उभा असेल की ५ सेंटिमीटरही टिकत नाही, तर ती वाळूची जागाच नाही; तिथे गवत खाली आणा. १०० चौरस मीटरच्या एका बंकरमध्ये १० घनमीटरपर्यंत, म्हणजे साडेतीन ब्रासपर्यंत वाळू लागते. खेळात कधीच न येणारे, निव्वळ शोभेचे बंकर आपल्याकडे आहेत. ते बुजवून गवती खळगे केले तर पुढची कित्येक वर्षे ती वाळू आणि ती मजुरी वाचेल. खर्चात कपात करायचीच असेल तर ती इथे करा. ज्या बंकरचा निचरा पूर्ण मेला आहे त्यांत पाइप नव्याने, हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) आखणीने, किमान एक टक्का उतार देऊन, ६ ते १० मिलिमीटर धुतलेल्या खडीत टाकावे लागतील. तळाला अस्तर म्हणून खडी-सिमेंटचे, बारीक वाळू न घातलेले सच्छिद्र काँक्रीट चालते. वर्षाला सहा बंकर एवढ्या वेगाने झाले तरी आम्ही समाधानी आहोत.

आता माणसांचे. ६० मिलिमीटरची एक रात्र झाली की चाळीसेक बंकरांपैकी निम्म्याहून अधिक धुतले जातात. पाणी काढायचे, तेही पंपाची सक्शन छिद्रे पाडलेल्या बादलीत ठेवून, नाहीतर वाळू पंपात जाते. पाणी शेजारच्या फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) न सोडता गटारात न्यायचे. मग गाळाची साय फळीने खरवडून घमेल्याने बाहेर काढायची. हा टप्पा माणसे कमी असली की पहिल्यांदा गाळला जातो, आणि नेमक्या त्यामुळेच वाळू मरते. शेवटी वाळू वर ओढायची, सळईने जाडी तपासायची. एका बंकरला सरासरी दोन माणसांचा एक तास धरा. चाळीसही धुतले गेले तर ऐंशी मनुष्य-तास, दहा माणसांचा पूर्ण दिवस. निम्मे माळी कमी केल्यावर ग्रीन कापणारा आणि बंकर उपसणारा तोच माणूस होईल, आणि दोन्ही कामे अर्धवट राहतील. यांत्रिक रेक हा पर्याय नाही. तो कोरड्या, सपाट तळासाठी. ओल्या वाळूत तो रुततो, कडेला वळताना मुरूम उकरतो.

एक सूचना. कोर्स बंद असलेल्या दिवशी कॅडी रिकामे बसतात. त्यांच्यापैकी इच्छुकांना बंकरच्या कामावर रोजंदारीने घ्या. त्यांना पैसे मिळतील, क्लबला सरावलेली माणसे मिळतील.

इतर काही

बुरशीनाशकाची फवारणी चार-सहा तासांच्या उघडिपीत करावी लागते. तीन दरपत्रके आणि दोन सह्या मिळेपर्यंत तशी उघडीप निघून जाते. मँकोझेब, मेटॅलॅक्सिल, पोटॅशियम फॉस्फोनेट यांचा हंगामापुरता साठा मेमध्येच कुलपात हवा. एकच औषध पुन्हा पुन्हा मारायचे नाही, गट बदलत राहायचे.

हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. त्या तीन-चार संध्याकाळी फांद्या हलवून ते गोळा केले तर ऑगस्टमध्ये अळ्या कमी. यंदा ओव्हरटाइम नामंजूर झाला. आता डुकरे दहाव्या फेअरवेवर अळ्यांसाठी जमीन उकरत आहेत. लष्करी अळीचा संशय आला की आठ लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचे द्रव घालून चौरस मीटरवर ओतायचे, अळ्या दहा मिनिटांत वर येतात. हुमणीसाठी मात्र फूटभर चौकोन उचलूनच पाहावे लागते.

पावसात होलची जागा रोज बदलायला हवी, आणि ती उंचवट्यावर. ‘अवघड जागी पिन (होलचा झेंडा) लावा’ हा आग्रह हिवाळ्यात धरावा.

उन्हाळ्याबद्दल एवढेच. एप्रिल-मेमध्ये ग्रीनला दिवसाला ७ मिलिमीटर पाणी धरले तरी १८ ग्रीनना ६३ हजार लिटर, दहा हजारी टँकर सहा-सात. पाणीटंचाईत कपात सरसकट लावू नका. रफचे (कडेच्या उंच गवताचे) पाणी तोडा, फेअरवेचे निम्मे करा, ग्रीनला हात लावू नका. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातले क्षार वर्षभर मुळांशी साठतात, ते धुऊन न्यायला हाच पावसाळा कामी येतो. अर्थात, निचरा असेल तरच.

आमच्या मागण्या

१. ऑक्टोबरचे पोकळ टाइनचे एरेशन १० ते २५ तारखांच्या दरम्यान ठरल्याप्रमाणे व्हावे. स्पर्धा नोव्हेंबरच्या अखेरीस न्यावी.

२. कापणीची उंची, कापणीचा दिवस आणि कोर्स उघडा-बंद ठेवण्याचा निर्णय रोज सकाळी ग्रीनकीपरने घ्यावा, कारणासह फलकावर लिहावा. त्यात कार्यालयाने फेरफार करू नये.

३. क्रश सँडची निविदा रद्द करावी. चाळणी-अहवालाशिवाय एक ब्रासही वाळू कोर्सवर उतरू नये. ग्रीनवरची वाळू आणि बंकरची वाळू यांचे साठे वेगळे असावेत. बंकरचा उरलेला माल ग्रीनवर टाकला तर वेगळ्या दाण्याचा थर तयार होतो आणि पाणी तिथेच अडते.

४. हंगामी माळी सप्टेंबरअखेरपर्यंत पूर्ण संख्येने ठेवावेत.

५. बंकरमागचे चर पुढच्या वर्षी मृगाच्या आधी पूर्ण करावेत, आणि बुजवायच्या बंकरांची यादी कॅप्टन, ग्रीनकीपर व दोन सभासदांनी कोर्सवर चालत फिरून ठरवावी.

६. औषधांचा आणि वाळूचा वार्षिक साठा ३१ मेपर्यंत आत यावा.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही चौथ्या, नवव्या आणि तेराव्या ग्रीनवरून कप कटरने नमुने काढणार आहोत. समितीतील प्रत्येकाने यावे, बूट चिखलाचे चालतील असे घालावेत. सोबत मोजपट्टी आम्ही आणू. परिपत्रकावरचा फेरविचार त्यानंतरच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि जो निर्णय होईल तो लेखी, सहीनिशी द्यावा.

आपले,
कोर्सवरील ग्रीनकीपर, माळी, मशीन ऑपरेटर
आणि सही करणारे सभासद